पायपेटी, मोसंबी आणि माझा राग

रविवारी उपासना सुटली की आमच्या चर्चमागच्या लिंबाखाली आम्ही चौघी जणी बसतो. थर्मासमधला चहा, सोबत टोस्ट. बाकीच्या तिघी सलामसुद्धा नंतर करतात. आधी विचारतात, "रूथबाई, या हप्त्यात कोण सापडलं?"

म्हणजे या हप्त्यात मी कुणावर भडकले!

किस्से मला कधी कमी पडत नाहीत. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर टाकाव्यात तसे साचत जातात. मी मुद्दाम गोळा करत नाही हो. शेत आमचं वाटूरच्या पुढं, चर्च तिथून अकरा किलोमीटरवर. शेतात मी राबते. चर्चमध्ये बावीस वर्षं पायपेटी वाजवते, म्हणजे पायानं भाता मारत दोन्ही हातांनी वाजवायचं ते मोठं लाकडी ऑर्गन. आणि घरी पोरींना पियानो शिकवते. तीन ठिकाणी काम म्हटल्यावर तीन ठिकाणची माणसं डोकं खायला येणारच! "रूथ, जरा शांतीनं घे," असं सगळे सांगतात. घेते ना. आधी ऐका तर खरं.

*

आमच्याकडं दोन एकर मोसंबी आहे. ती माझ्या नावावर आहे, कारण झाडं मी लावल्ती आणि उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहून मीच जगवल्ती. सासऱ्यांनी ते बघितलं होतं. त्यांनी हयात असतानाच सातबाऱ्यावर माझं नाव चढवलं.

मागं एकदा गारपीट झाली. लिंबाएवढी फळं सगळी खाली. चार दिवसांनी पंचनाम्याला एक साहेब आले. मी झाडाखाली फळं गोळा करत होते, हात कोपरापर्यंत चिखलाचे. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं बघितलं, विहिरीकडं बघितलं.

"मालक कुठंत?"

"मीच. बोला."

"तसं न्हाई बाई. बोलायला कुणीतरी माणूस पाहिजे ना."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी आवाज चढवला नाही. बांधावरची बाज दाखवली. म्हटलं, "बसा साहेब. माणूस आला की सांगते."

आणि मी माझं काम करायला लागले. साहेब बसले. अर्धा तास झाला, एक तास झाला. दोनदा घड्याळ बघितलं, एकदा खोकले. शेवटी आमचे हे, म्हणजे शामुवेल, मोटारसायकलवरून आले. साहेब टुणकन उठले. "या या, तुमचीच वाट बघून राह्यलो!"

आमचे हे बोलायला फार कमी. दिवसाला दहा वाक्यं पुरतात त्यांना. त्यांनी गाडी स्टँडला लावली, टोपी काढली आणि म्हणाले, "साहेब, सातबारा तिच्या नावावर आहे. मी हितं कामाला असतो."

*

पियानो आमच्या घरी आला तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ताडपत्रीखाली. एक म्हातारे डॉक्टर गाव सोडून मुलाकडं निघाले होते. त्यांच्या बंगल्यात मी लहानपणी त्याच पियानोवर शिकले होते. जाताना म्हणाले, "रूथ, तूच ने." सहा माणसांनी उतरवला. अर्धं गाव बघायला आलं. कुणी म्हणालं कपाट आहे, कुणी म्हणालं तिजोरी. आमचे थोरले दीर याकोबदादा दारात उभे राहून म्हणाले, "एवढ्या जागंत बारा पोते सोयाबीन बसलं असतं!"

ते मी सोडून दिलं. मोठे आहेत, बोलणारच.

पण महिन्याभरानं मी माहेरी गेल्ते, दोन दिवसांनी परत आले, तर पियानोच्या झाकणावर फवारणीचा पंप! ओला! औषध ठिबकून झाकणाचं पॉलिश पांढरं पडलेलं, आणि घरभर तो वास. पंप उचलला, दादांच्या खोलीत नेला आणि त्यांच्या लाडक्या गादीवर, बरोब्बर उशीच्या जागी ठेवून दिला.

संध्याकाळी दादा ओरडतच बाहेर आले. "कुणी ठिवला हा? विषारी औषधाचा पंप हाय! गादीवर ठिवायची चीज हाय का ही?"

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "दादा, मला वाटलं आपल्या घरात रिवाज आहे. ज्याला जे जिवापाड आवडतं, त्याच्यावर पंप ठेवायचा."

तेव्हापासून दादा पियानोवर टोपीसुद्धा ठेवत नाहीत.

*

आता चर्चची कमिटी. पेटीच्या भात्याला उंदरांनी भोक पाडलं होतं. पाय मारून मारून माझ्या पोटऱ्यांचे गोळे व्हायचे, तरी सूर अर्ध्यातच मान टाकायचा. मी कमिटीला सांगितलं. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "ठरावात घेऊ." पुढच्या मिटिंगला विचारलं. "विचाराधीन आहे." त्याच्या पुढच्या मिटिंगला म्हणाले, "बाई, तुम्ही भावनेच्या भरात बोलून राह्यल्या. टाइल्सचं काम आधी."

चांगल्या मजबूत शहाबादी फरश्या उखडून गुळगुळीत पांढऱ्या टाइल्स बसल्या. ज्यांच्यावरून पहिल्याच रविवारी दोन म्हाताऱ्या घसरल्या त्या! आणि मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि सोल्युशन घेऊन, जमिनीवर पालथी पडून, भाता स्वतः चिकटवला.

टाइल्सच्या आभाराची खास उपासना ठेवली. सेक्रेटरीसाहेब कोट घालून पुढं उभे राहिले. "बंधुभगिनींनो, तुमच्या या कमिटीनं मंडळीसाठी रातदिन जे कष्ट घेतले..."

मी पुढच्या गीतासाठी हवा भरत होते. ट्यूबचा तुकडा सुटला. आणि त्या भरगच्च शांततेत पेटीतून आवाज निघाला. लांबलचक. कसा, ते बायकांसमोर सांगता येतं, पुरुषांसमोर सांगत नाही.

सेक्रेटरीसाहेबांनी थांबून खजिनदारांकडं बघितलं. खजिनदारांनी दोन्ही हात वर केले. "मी न्हाई!"

*

सगळ्या किश्शांत हसू नसतं. हा तसाच एक.

माझ्याकडं प्रज्ञा नावाची पोरगी शिकायला यायची. तिचे वडील शाळेत गुरुजी, मूळचे धावडा गावचे, बौद्ध घरातले. पोरगी तिसरीत असताना एकदा आमच्या दारावरून जाताना पियानो ऐकून थबकली आणि हललीच नाही. गुरुजी दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आले. "बाई, हिला शिकवा. घरी ताटावर बोटं वाजवून राह्यली."

दोन वर्षं झाली. मग कुणीतरी पारावर पुडी सोडली, बाई पियानोच्या नावाखाली पोरींना बाटवते म्हणून. झालं! माझ्याकडं पाच पोरी यायच्या, आठवड्यात तीन बंद झाल्या. एकीची आई रस्त्यात भेटली, तर पदर तोंडावर घेऊन पलीकडून गेली. जिच्या पोरीला मी हातात हात धरून सा-रे-ग शिकवलं होतं, ती! मी त्या रात्री जेवले नाही. ताट तसंच झाकून ठेवलं. आमचे हे म्हणाले, "मी जाऊन बोलू का?" म्हटलं, "काय बोलणार? मी बाटवत नाही, हे मी का सिद्ध करत फिरू?"

पारावरच्या मंडळींनी गुरुजींनाही गाठलं. चार जण होते. "गुरुजी, तुम्ही शिकलेले माणसं. पोरीला तिकडं धाडता, उद्या तिनं धर्म बदलला मंग?"

गुरुजींनी चष्मा पुसला. म्हणाले, "आमच्या पोरीला नुसतं सुरात आणायला बाईला दोन वर्षं लागले. धर्मात आणायला किती लागतील, ते तुम्हीच सांगा."

चौघांतला एक हसला. तिथं पारावरचं बोलणं मोडलं. दोन पोरी परत आल्या. तिसरी आली नाही. तिची वही अजून माझ्याकडं आहे.

*

त्याच प्रज्ञाला घेऊन मी संभाजीनगरला पियानोच्या परीक्षेला गेले. पहाटेची एसटी. आदल्या दिवसापर्यंत कापूस वेचणी चाललेली, त्यामुळं माझी बोटं बोंडांनी चिरलेली, नखांत काळं. घासून घासून निघेना.

परीक्षेच्या हॉलबाहेर एक मॅडम यादी घेऊन उभ्या. कडक इस्त्रीची साडी. म्हणाल्या, "आईंनी बाहेर थांबायचं. फक्त टीचरनं आत यायचं."

"मी टीचरच आहे."

मॅडमनी मला वरून खालपर्यंत बघितलं. चपला, पिशवी, पिशवीतला भाकरीचा डबा. आणि शेवटी हात. "तुम्ही? या हातांनी पियानो शिकवता?"

"नाही मॅडम," मी म्हटलं. "या हातांनी कापूस वेचते. तुमच्या अंगावर आहे ना, तो."

मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी आया हसल्या. मॅडमनी यादीत तोंड घातलं. मी आत गेले. प्रज्ञानं वाजवलं. परीक्षक म्हातारे होते. ऐकून झाल्यावर त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला, "डावा हात इतका पक्का कुणी करून घेतला?" पोरीनं माझ्याकडं बोट दाखवलं. त्यांनी जागेवरून उठून मला नमस्कार केला.

खोटं कशाला सांगू, तेवढा वेळ मला कुणाचाही राग आला नाही.

*

एकदा तालुक्याला महिला शेतकऱ्यांचा सत्कार होता. मला बोलावलं. शाल, नारळ, फ्रेम केलेलं सन्मानपत्र. माइकवरच्या भाऊंनी मोठ्यानं वाचलं, "प्रगतिशील महिला शेतकरी, श्री. शामुवेल यांच्या सौभाग्यवती!" टाळ्या.

मी स्टेजवरच म्हटलं, "भाऊ, माझं नाव वाचायचं राहिलं."

त्यांनी फ्रेम उलटीपालटी करून बघितली. म्हणाले, "ताई, राहिलं न्हाई. लिहिलेलंच न्हाई!"

*

लग्नात पेटी वाजवायची म्हणजे वेगळाच ताप. पण हे लग्न माझ्या जुन्या विद्यार्थिनीचं, स्नेहलचं. नवरी दारातून आत येताना वाजवायची धून तिनं आणि मी मिळून बसवली होती. तिला तीच हवी होती.

व्हिडिओवाला सकाळीच आला. ड्रोन, लाइट, सगळा लवाजमा. मला पेटीवर बसलेली बघून त्याचा चेहरा पडला. जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, एक रिक्वेस्ट हाय. फ्रेममंदी जरा यंग लूक पाहिजे. नवरीची मावसबहीण हितं बसंल, नुसते हात हलवंल. तुम्ही तिकडून पडद्यामागून वाजवा."

"पडद्यामागं पेटी कुठंय?"

"मंग मोबाइलवर लावू ना! तुम्ही फक्त दिसू नका, बस."

तुम्ही फक्त दिसू नका! बावीस वर्षं मी कुणाच्या बारशाला, कुणाच्या मातीला, कुणाच्या लग्नाला याच स्टुलावर बसले. पावसात ओढा भरला तर ट्रॅक्टरवर बसून आले. आणि आता दिसू नका!

मी उठले. मावसबहिणीला म्हटलं, "बस बेटा." आणि जाऊन सगळ्यात मागच्या बाकावर बसले.

नवरी दारात आली. पांढरी साडी, हातात फुलं, वडिलांचा हात धरलेला. व्हिडिओवाल्यानं अंगठा दाखवला. मावसबहिणीनं हात हलवायला सुरुवात केली. त्याच्या मोबाइलवर जाहिरात लागली. ढेकणाच्या औषधाची!

स्नेहलनं वडिलांचा हात सोडला. साडी घोट्याच्या वर उचलली, तडातडा चालत माझ्या बाकापाशी आली. "बाई, उठा." मग व्हिडिओवाल्याकडं वळून म्हणाली, "दादा, तुम्ही बाहेर थांबा. लग्न झालं की बोलवते."

त्या लग्नाचा व्हिडिओ फक्त जेवणावळीचा आहे.

*

आणि हा आत्ताचा.

कापूस वेचता वेचता मोबाइल वाजला. चर्चच्या मंडळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सेक्रेटरीसाहेबांचा मेसेज: "येत्या रविवारपासून उपासनेत आधुनिक संगीत. कीबोर्ड आणि नवीन साउंड सिस्टिम. रूथबाईंच्या सेवेबद्दल आभार. त्यांना आता विश्रांती." खाली फुलं, हात जोडलेले, पुन्हा फुलं. पाळकसाहेबांचा, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा, अंगठा.

विश्रांती! मी मागितली होती का? मला समोर बोलावून सांगायला तोंड नव्हतं? कमरेला अर्धा भरलेला झोळा बांधून मी त्या वावरात उभी राहिले आणि रागानं मला रडू फुटलं. आमच्या ह्यांनी मेसेज वाचला. म्हणाले, "या रविवारी जाऊ नको."

"जाणार," मी म्हटलं. "बाकावर बसणार. ऐकणार."

गेले. पेटीचं झाकण बंद, वर प्लॅस्टिकच्या फुलांची परडी. शेजारी स्टँडवर कीबोर्ड आणि त्यावर सेक्रेटरीसाहेबांचे जावई, पुण्याला कंपनीत असतात. माणूस वाईट नाही. मला बघून अवघडून सलाम केला. स्पीकर लावलेले मागच्या दाराशी, उंच भिंतीवर.

आता इथं सगुणाबाईंबद्दल सांगायला पाहिजे. दवाखान्यात आया होत्या, आता ऐंशीच्या पुढं. काही वर्षांपासून दोन्ही कानांनी काहीच ऐकू येत नाही. पण रविवार चुकवत नाहीत, आणि गायचं सोडलेलं नाही. पेटीला चिकटून पहिल्या बाकाच्या टोकाला उभ्या राहतात आणि उजवा तळहात पेटीच्या लाकडावर सपाट ठेवतात. मी वाजवायला लागले की लाकूड थरथरतं. ते हाताला लागलं की त्या आवाज लावतात. सूर इकडंतिकडं होतो, पण कडवं कधी चुकत नाही. त्यांच्यासाठी मी कडव्यांच्या मधे एक श्वास जास्त थांबते. कमिटीला हे माहीत नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला, मंडळी उठली. सगुणाबाईंनी पुस्तक उघडलं, परडी बाजूला सरकवली, तळहात पेटीवर ठेवला.

जावईबापूंनी बटण दाबलं. ढिक-चिक, ढिक-चिक. मंडळी पळत सुटल्यासारखी गायला लागली. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. सगुणाबाई उभ्याच. तोंड बंद, नजर पुस्तकात, हात लाकडावर. मधेच हात उचलून पदराला पुसला आणि परत ठेवला. वाट बघून राह्यल्या होत्या.

तिसरं कडवं अर्ध्यावर आलं. त्यांनी मान वर केली. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज असतो तसा, अख्ख्या चर्चभर घुमेल असा आवाज काढून म्हणाल्या, "अहो पाळकसाहेब, सुरू करा की जल्दी! म्हाताऱ्या माणसाला किती वेळ उभं ठिवता?"

मंडळी एकेक करून गप्प झाली. एकटा कीबोर्ड ढिक-चिक करत राहिला. जावईबापू त्याचं बंद करायचं बटण शोधत होते, त्यांना सापडेना. पाळकसाहेबांनी सेक्रेटरीसाहेबांकडं बघितलं. सेक्रेटरीसाहेबांनी टाइल्सकडं बघितलं.

सगुणाबाईंना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांचा हात तिथंच.

मी बाकावरून उठले. फुलांची परडी पाळकसाहेबांच्या हातात दिली. झाकण उघडलं, स्टूल ओढलं, पाय लावले आणि भाता भरला.

"हां!" सगुणाबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी पहिल्या कडव्यापासून आवाज लावला.